मगर

पूर ओसरला त्या सकाळी
निरंजनाबेनच्या पार्किंगमध्ये, अ‍ॅक्टिव्हाच्या मागे,
साडेचार फुटांची मगर निघाली.
चिखलात चिखलासारखी, तोंड जरासं उघडं,
काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखं.
शलाका माझ्या कडेवर. दोन वर्षं, तीन महिने.
वनखात्याच्या पोरानं मगरीच्या डोळ्यांवर ओलं पोतं टाकलं,
जबड्याला चिकटपट्टी गुंडाळली,
आणि टेम्पो अकोट्याच्या दिशेनं गेला.
"गई," म्हणाली शलाका, गुजरातीत.

त्यानंतर महिनाभर घरात फार मगरी झाल्या.
गुंडाळलेली चटई.
बाबाचा बूट, पण एकच, उजवा.
कारलं. पडवळ नाही, दोनदा विचारून पाहिलं.
रावपुऱ्यातला नवा स्पीडब्रेकर,
त्यावरून स्कूटर जाताना ती पाय वर घेते.
वरच्या मजल्यावरचे भोपाळवाले फोनवर भांडताना
"मगर सुनिये तो" म्हणतात,
तर ही पलंगाखाली वाकून बघते.

मी नियम शोधत बसले.
खडबडीत असेल ते? चटई तर गुळगुळीत.
लांबट? मग पडवळानं काय घोडं मारलं होतं?
चौथ्या रात्री, कपड्यांच्या घड्या करताना, जवळपास सापडला:
जे जमिनीलगत पडलंय
आणि अजून हललेलं नाही.
कारलं यात बसत नाही.
कारल्याचं मला आजही कळलेलं नाही.

नणंद फोनवर म्हणाली, दुधानं तोंड पोळलंय पोरीचं,
आता ताकही फुंकणार.
पण तिचं काहीच पोळलं नव्हतं.
ती उंचावर होती, कोरडी होती, हातात बिस्किट होतं.
मगर तिच्याकडे बघतसुद्धा नव्हती.
पोळलं ते माझं.
मी तिला आवळून धरलं होतं, इतकं
की संध्याकाळी आंघोळ घालताना
मांडीवर माझ्या बोटांचे चार वळ दिसले.
तिनं शिकून घेतलं ते तिथून:
हे असं दिसतं, तेव्हा आईचा हात असा होतो.

आणि मी कुठून?
आमच्याकडे एका जावयावरून अख्खं नाशिक वाईट ठरलंय.
शितावरून भात, आणि शीतही कच्चं.
पाणी एकदाच गुडघ्यावर आलं होतं, मी आठवीत असताना.
तेव्हापासून आजव्याची पातळी कुणी कळवली
की मी सिलिंडर पलंगावर चढवते,
बाहेर ऊन असलं तरी.
रात्री अडीचला फोन वाजला
तर आधी चप्पल घालते, मग उचलते.
नाना गेले तेव्हा मी अनवाणी निघाले होते.
परवा राँग नंबर होता.
चप्पल तशीच पायात ठेवून झोपले.

दिवाळीनंतर तिला कमाटीबागेत नेलं.
खरी दाखवू, मग खोट्या सुटतील, असा माझा हिशोब.
जाळीपलीकडे पडली होती,
अकरा फुटांची, पाठीवर वाळलेलं शेवाळ,
शेपटीशी एक बगळा उभा.
"ही बघ. ही मगर."
शलाकानं बराच वेळ बघितलं.
मग माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे.
एका हातात शेंगांची पुडी होती,
दुसऱ्यात तिची निसटलेली चप्पल.
"चटई," ती म्हणाली,
आणि शेंग मागितली.